देवळालीचे गणितव्रती : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

नाशिक रोड स्थानकावरून मुंबईच्या दिशेने गाडी निघाली की पुढचेच स्थानक देवळालीचे. व्यापारानिमित्त, नातेसंबंधांनिमित्त आणि तीर्थयात्रेनिमित्त आपल्यापैकी प्रत्येकाने हा मार्ग कितीतरी वेळा ओलांडला असेल. देवळाली म्हटले की आपल्या मनात लष्कराची छावणी, स्वच्छ हवा आणि प्रकृतीसाठी विश्रांतीस येणारी मंडळी उभी राहतात. परंतु याच गावात एका शाळेतील शिक्षकाने बत्तीस वर्षे विद्यादान केले, आणि फावल्या वेळात कागद व पेन्सिल एवढ्याच साधनांनी असे काही शोधून काढले की आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत त्याचे नाव आदराने छापले जाते, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. त्या शिक्षकांचे नाव कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

नाशिक रोडची देशभरातील ओळख नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या मुद्रणालयांमुळे आहे. येथे छापल्या जाणाऱ्या प्रत्येक नोटेवर एक मोठी संख्या असते; पण ती नोट हाती आली की आपण किंमत पाहतो, क्रमांक पाहत नाही. येथून हाकेच्या अंतरावर राहणारे कापरेकर गुरुजी याच्या अगदी उलट प्रकृतीचे होते. संख्येची बाजारातील किंमत काय, हा प्रश्न त्यांना पडत नसे. ती संख्या स्वतः कशी आहे, तिचा स्वभाव काय, तिच्या अंकांचे परस्परांशी नाते काय, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे असे.

साधर्मिक बंधू-भगिनींनो, गुरुजी जन्माने जैन नव्हते. तरीही आपल्या ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेत त्यांचे चरित्र का, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास ते स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या लेखाच्या ओघात मिळेल. येथे एवढेच म्हणतो, की ज्ञानाची उपासना ज्ञानासाठीच करावी, तिच्या मोबदल्याची अपेक्षा धरू नये, ही आपल्या स्वाध्यायाची शिकवण आहे. आणि आपल्या परिसरात ही शिकवण इतक्या निष्ठेने आचरणारे गृहस्थ विरळा.

बालपण आणि शिक्षण

दत्तात्रेय कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील रामचंद्रपंत कारकुनी करीत. त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता, आणि ज्योतिष म्हणजे आकडेमोड आलीच. बालवयात कानांवर पडणाऱ्या या गणितांनीच मुलाला अंकांची गोडी लावली असावी. आई जानकीबाई यांचे छत्र मात्र दत्तात्रेय आठ वर्षांचे असतानाच हरपले. आईविना वाढणाऱ्या या मुलाला संख्यांची सोबत मिळाली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

ठाणे येथे शालेय शिक्षण पूर्ण करून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजची सीनियर रँग्लर ही पदवी मिळविणारे पहिले भारतीय, रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, यांच्या नावाशी निगडित असलेले हे महाविद्यालय. परांजपे यांच्याच नावाने, मूळ गणिती लेखनासाठी दिले जाणारे पारितोषिक कापरेकरांनी १९२७ साली पटकाविले. १९२९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी संपादन केली. पुढील उच्च शिक्षण त्यांना घेता आले नाही. एम.ए., पीएच.डी. अशी कोणतीही उपाधी त्यांच्या नावापुढे कधी लागली नाही. ही उणीव पुढील आयुष्यात त्यांना अनेकदा नडली.

१९३० साली ते देवळालीत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, येथूनच निवृत्त झाले. दिवसा मुलांना गणित शिकवावे आणि उरलेल्या वेळात स्वतः गणिताचे विद्यार्थी व्हावे, असा त्यांचा बत्तीस वर्षांचा नेम होता.

डेम्लो संख्या आणि महावीराचार्य

गुरुजींना सुचलेल्या पहिल्या महत्त्वाच्या कल्पनांपैकी एक कल्पना त्यांना एका रेल्वे स्थानकावर सुचली. जी.आय.पी. रेल्वेवर, मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर असलेले हे स्थानक म्हणजे तेव्हाचे डेम्लो, आजचे डोंबिवली. ज्या स्थानकाने आपल्याला कल्पना दिली त्याचेच नाव त्यांनी त्या संख्यांना देऊन टाकले. स्वतःचे नाव दिले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

डेम्लो संख्या समजण्यास सोपी आहे. २५५३ ही संख्या घ्या. डावीकडील २ आणि उजवीकडील ३ यांची बेरीज ५. आणि मधोमध ५ हाच अंक पुन्हा पुन्हा आलेला. अशा संख्यांमध्ये काही विशेष देखण्या संख्या आहेत, त्यांना गुरुजींनी अद्भुत डेम्लो संख्या म्हटले. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. असे करीत नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. अंक एकेक पायरी चढत नऊपर्यंत जातात आणि तितक्याच शिस्तीने उतरतात. एखाद्या शिखरबंद मंदिराची रेखाकृतीच जणू कागदावर उमटते. या विषयावरील त्यांचा लेख १९३८ साली एका भारतीय गणित नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आता आपल्या परंपरेकडे वळू. इ. स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, महावीराचार्य नावाचे थोर जैन गणिती होऊन गेले. त्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ म्हणजे निव्वळ गणिताला वाहिलेल्या प्राचीन भारतीय ग्रंथांतील एक मानदंड होय. ज्योतिषाचा आधार न घेता गणित हा स्वतंत्र विषय म्हणून त्यात मांडलेला आहे. मद्रास येथून १९१२ साली रंगाचार्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि १९६३ साली आपल्याच महाराष्ट्रातील सोलापूर येथून जीवराज जैन ग्रंथमालेत प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांनी केलेला हिंदी अनुवाद प्रकाशित झाला.

या ग्रंथाच्या गुणाकार प्रकरणात महावीराचार्यांनी असे काही गुणाकार दिले आहेत की ज्यांची उत्तरे गळ्यातील हारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसतात. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की १०००००००००१ मधील एक शून्य कमी, म्हणजे १००००००००१ ही संख्या येते. तिला त्यांनी राजाच्या कंठ्याची उपमा दिली आहे. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ वेळा १ येतो. आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की उत्तर येते १२३४५६५४३२१. एकपासून सहापर्यंत चढणारी आणि पुन्हा एकपर्यंत उतरणारी ही संख्या म्हणजे सहा वेळा १ लिहून केलेला वर्ग. म्हणजेच गुरुजींच्या अद्भुत डेम्लो संख्यांपैकी सहावी. अकराशे वर्षांच्या अंतराने, एक राष्ट्रकूटांच्या राज्यात आणि एक देवळालीच्या शाळेत, अशा दोन उपासकांच्या लेखणीतून एकच संख्या उतरली. आपल्या स्मरणिकेत गुरुजींना स्थान का, याचे एक उत्तर हे आहे.

योगायोग एवढ्यावर थांबत नाही. १४२८५७ ही संख्या गुरुजींच्याही आवडीची. १ ला ७ ने भागले असता दशांश चिन्हापुढे हेच सहा अंक फिरून फिरून येत राहतात. अशा आवर्ती दशांशांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आणि ज्यांना आज जग कापरेकर संख्या म्हणून ओळखते, त्यांतही ती मोडते. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग २० आणि २५, त्यांची बेरीज पुन्हा ४५. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ आणि २०९ मिळून पुन्हा ७०३. त्याचप्रमाणे १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. त्यातील २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज १४२८५७. संख्या स्वतःचा विस्तार करते, त्या विस्ताराचे तुकडे होतात, आणि ते तुकडे एकत्र येऊन पुन्हा मूळ संख्या उभी राहते.

६१७४ : सर्व वाटा जेथे मिळतात

गुरुजींची कीर्ती ज्या संख्येमुळे अजरामर झाली ती संख्या ६१७४. हा शोध त्यांना १९४६ साली लागला. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला, आणि १९५५ साली न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यावरील लेख प्रसिद्ध झाला.

कृती इतकी सोपी आहे की पाचवीतील मुलालाही ती करता यावी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या; फक्त चारही अंक एकच नसावेत. त्या अंकांपासून मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या तयार करा व मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर हीच कृती पुन्हा करा. अधिकात अधिक सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते, आणि एकदा आली की हलत नाही, कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले की पुन्हा ६१७४ च उरतात.

उदाहरणादाखल गुरुजींचे जन्मवर्षच घेऊ. १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने ९५१० आणि चढत्या क्रमाने ०१५९. वजाबाकी ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. ८७२१ वजा १२७८ म्हणजे ७४४३. ७४४३ वजा ३४४७ म्हणजे ३९९६. ९९६३ वजा ३६९९ म्हणजे ६२६४. ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. आणि शेवटी ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. बरोबर सात पायऱ्या. गुरुजींचे देहावसान १९८६ साली झाले. ९८६१ मधून १६८९ वजा केले की पहिल्याच पायरीवर ८१७२ येते आणि पुढची वाट जन्मवर्षाचीच. सहाव्या पायरीला तीही ६१७४ वर पोहोचते. भगवान महावीरांच्या निर्वाणाचे २५०० वे वर्ष आपण १९७४-७५ साली देशभर साजरे केले. ज्येष्ठांना ते अजून आठवत असेल. २५०० या संख्येपासून आरंभ केल्यास किती पायऱ्या लागतात, हे आपल्या पाठशाळेतील मुलांनी स्वतः करून पाहावे.

हे घडते कसे? यात चमत्कार नाही, हिशेब आहे. चार अंकांपैकी सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरकाला ९९९ ने गुणावे, मधल्या दोन अंकांतील फरकाला ९० ने गुणावे आणि दोन्हींची बेरीज करावी, म्हणजे पहिल्या पायरीचे उत्तर मिळते. मूळ अंक कोणते होते याने काही बिघडत नाही, फक्त दोन फरक महत्त्वाचे. असे फरकांचे जोड केवळ ५४ होऊ शकतात. म्हणजे ०००१ पासून ९९९८ पर्यंतच्या ९९९० निरनिराळ्या संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत सामावून जातात. तेथून पुढे वाटा आणखी कमी होत जातात आणि अखेर सर्व एका ठिकाणी मिळतात. तीन अंकी संख्यांमध्ये असेच स्थान ४९५ या संख्येला आहे. पाच अंकी संख्यांमध्ये मात्र असे एकच विश्रांतिस्थान नाही, त्या काही ठरावीक चक्रांतच फिरत राहतात. सर्व ठिकाणी एकच नियम लावता येत नाही, हे ध्यानात ठेवणे हाही गणिताचाच धडा होय.

हर्षद आणि स्वयंभू

आपल्या समाजात हर्षदभाई नावाचे गृहस्थ गल्लोगल्ली आढळतात. हर्ष देणारा तो हर्षद. गुरुजींनी हे नाव एका संख्यावर्गाला दिले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. २४ तीर्थंकर, २ आणि ४ मिळून ६, आणि २४ ला ६ ने भाग जातो. ६३ शलाकापुरुष, ६ आणि ३ मिळून ९, भाग जातो ७ वेळा. भगवान महावीरांचे आयुष्य ७२ वर्षे. ७ आणि २ मिळून ९, भाग जातो ८ वेळा. आपल्या ट्रस्टने गाठलेली पन्नाशीही हर्षदच आहे. ५० ला ५ ने भाग जातो. आणि गुरुजींची ६१७४? तिच्या अंकांची बेरीज १८. भाग दिला की ३४३, म्हणजे ७ गुणिले ७ गुणिले ७.

दुसरा संख्यावर्ग याहून खोल आहे. एखाद्या संख्येत तिचे स्वतःचेच अंक मिळवले की नवी संख्या जन्मते. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणून २१ ही २४ ची जनक. ४३ मध्ये ४ आणि ३ मिळवले की ५०. १०१ ला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. मग अशी काही संख्या असेल का, जिला जनकच नाही? गुरुजींनी अशा संख्या शोधल्या आणि त्या अनंत आहेत हे दाखवून दिले. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ आणि त्यानंतर १०८. कोणापासून न जन्मलेल्या या संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले. आज जगात काही ठिकाणी त्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. एका छोट्या गावाचे नाव अशा रीतीने गणितात कायमचे कोरले गेले.

१०८ चे स्वयंभूपण आपण स्वतः पडताळू शकतो. ९० ते ९९ या संख्यांपासून जन्मणाऱ्या संख्या सर्व विषम. १०० ते १०९ यांपासून जन्मणाऱ्याही सर्व विषम. ८९ पासून १०६ मिळतात आणि त्याखालील कोणतीही संख्या त्यापुढे जात नाही. म्हणून १०८ ला जनक नाही. शिवाय १, ० आणि ८ यांची बेरीज ९. १०८ ला ९ ने भागले की १२. म्हणजे १०८ एकाच वेळी स्वयंभू आणि हर्षद आहे. आपल्या जपमाळेचे मणी १०८. तत्त्वार्थसूत्रात आस्रवाच्या कारणांचे जे प्रकार सांगितले आहेत ते संरंभ, समारंभ व आरंभ हे तीन, मन, वचन व काया हे तीन, कृत, कारित व अनुमोदित हे तीन आणि चार कषाय यांच्या गुणाकाराने १०८ होतात. श्वेतांबर परंपरेत पंचपरमेष्ठींच्या गुणांची बेरीजही १०८ मानली जाते. आपल्याच जिल्ह्यात मांगीतुंगी येथे २०१६ साली प्रतिष्ठा झालेली भगवान ऋषभदेवांची मूर्ती १०८ फूट उंचीची आहे. अर्थात, अंकांच्या या गुणधर्मांवरून कोणत्याही संख्येचे पावित्र्य सिद्ध होते, असे समजू नये. श्रद्धा श्रद्धेच्या ठिकाणी आणि गणित गणिताच्या ठिकाणी. परंतु रोज ज्या संख्येवर बोटे फिरतात तिचा स्वभाव जाणून घेण्यात जो निर्मळ आनंद आहे, तो गुरुजींनी आपल्याला दिला.

संख्येचे चिंतन आपल्याला परके नाही. संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद आपल्या आचार्यांनी फार पूर्वी केले. अनुयोगद्वारसूत्रात मनुष्यांची संख्या सांगताना ९६ वेळा निम्मी करता येईल अशी संख्या म्हटले आहे. आजच्या पद्धतीने लिहिल्यास ती ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६ होते, एकोणतीस अंकांची. ज्या समाजाच्या आगमांत अशी संख्या आहे, त्या समाजाने गुरुजींना आपले मानण्यास संकोच करू नये.

उपेक्षेची वर्षे

येथवर वाचून कोणास वाटेल की अशा विद्वानाला मोठा मान मिळाला असेल. वस्तुस्थिती तशी नव्हती. तत्कालीन भारतीय गणितज्ञांपैकी अनेकांनी त्यांच्या कामाकडे हसण्यावारी पाहिले. नामांकित नियतकालिकांत स्थान मिळणे कठीण, म्हणून त्यांनी आपले संशोधन लहान नियतकालिकांत छापले, नाहीतर पदरमोड करून पुस्तिका काढल्या. त्या पुस्तिकांवर प्रकाशक म्हणून त्यांचेच नाव आणि खारेसवाडा, देवळाली हा पत्ता असे. एका शिक्षकाच्या पगारातून छपाईचा खर्च भागविणे म्हणजे काय, हे व्यवहार जाणणाऱ्या आपल्या मंडळींना वेगळे सांगावयास नको.

टीकाकारांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नव्हते, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. गुरुजींचे बहुतेक शोध संख्या आपण दशमान पद्धतीने लिहितो यावर अवलंबून आहेत. लिहिण्याची पद्धत बदलली तर ६१७४ चे हे माहात्म्य उरत नाही. उच्च गणिताची इमारत ज्या सिद्धान्तांवर उभी आहे त्या जातीचे हे काम नव्हे. परंतु एका बाजूने खरे असलेले विधान म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे, हे अनेकांतवादाच्या अनुयायांना सांगण्याची गरज नाही. एका दृष्टीने हे काम मनोरंजन होते. दुसऱ्या दृष्टीने ते निरीक्षण, चिकाटी आणि सिद्धता यांचे उत्तम शिक्षण होते. त्यांना हसणाऱ्यांनी पहिलीच दृष्टी धरली आणि दुसरी सोडली, एवढाच त्यांचा दोष.

१९६२ मध्ये गुरुजी निवृत्त झाले. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन तुटपुंजे, राहणी अगदी साधी असूनही खर्च भागेना. उतारवयात गणित व विज्ञानाच्या शिकवण्या करून त्यांना चरितार्थ चालवावा लागला. तरीही संख्यांचा अभ्यास सुटला नाही. १९७३ साली कोपर्निकसच्या जन्माला पाचशे वर्षे झाली, तेव्हा त्याच्या नावाने त्यांनी जादूचा चौरस रचला आणि त्यावरील लेख १९७४ मध्ये विज्ञानाच्या इतिहासाला वाहिलेल्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खजुराहो येथील पार्श्वनाथ मंदिरात कोरलेला, कोठूनही बेरीज केली तरी ३४ येणारा यंत्रचौरस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा छंद किती प्राचीन आहे हे ठाऊक असेल.

आणि मग मार्च १९७५ उजाडला. अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात मार्टिन गार्डनर यांचे गणितरंजनाचे सदर जगभर वाचले जात असे. त्या महिन्याच्या सदरात त्यांनी कापरेकरांविषयी आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. सत्तर वर्षांचा देवळालीतील हा शिक्षक त्यानंतर देशोदेशींच्या गणितप्रेमींना परिचित झाला. आपण भारतात त्या वेळी निर्वाण महोत्सवाच्या वर्षात होतो. आपल्या शेजारी कोण राहतो, हे मात्र आपल्याला परदेशातून कळले. हर्षद संख्यांच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडली. इव्हान निव्हेन या गणितज्ञांनी १९७७ साली एका व्याख्यानात या संख्यांचा उल्लेख केला, आणि तेव्हापासून अनेक पुस्तकांत त्यांना निव्हेन संख्या म्हणतात. निव्हेन यांचा यात काही अपराध नाही. आपण आपल्या माणसाचे नाव लावून धरले नाही, हे मात्र खरे.

१९८६ साली देवळाली येथे गुरुजींनी इहलोकीची यात्रा संपविली. मागे इस्टेट नाही, संस्था नाही, शिष्यांचा मोठा परिवार नाही. राहिल्या त्या संख्या.

स्मरण आणि संकल्प

सुवर्ण महोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो. ट्रस्टच्या कार्याचा आढावा या स्मरणिकेत अन्यत्र आहेच. परंतु पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना, ज्यांचे आपण ऋणी आहोत परंतु ज्यांची दखल घेतली नाही, अशांचीही एक नोंद असावी. संवत्सरीला आपण जाणता-अजाणता झालेल्या दोषांची क्षमा मागतो. गुणी माणसाकडे दुर्लक्ष करणे हाही अजाणता घडणारा दोषच आहे. पर्युषणात आपण दानशूरांची नावे वाचतो, तपस्व्यांचे बहुमान करतो. ज्ञानाच्या तपस्व्यांचा बहुमानही त्याच मंडपात व्हावयास हवा.

आपल्या घरांतील मुले हिशेबात हुशार आहेत, हे सर्वमान्य आहे. एखादे मूल मात्र वहीच्या मागच्या पानावर निष्कारण आकडेमोड करीत बसते. त्याचा काय उपयोग, असे आपण चटकन विचारतो. त्या वेळी देवळालीच्या गुरुजींचे स्मरण करावे, आणि प्रश्न गिळून त्या मुलाच्या शेजारी दोन क्षण बसावे. आपल्या पाठशाळेत वर्षातून एक दिवस, १७ जानेवारीला, गुरुजींच्या जन्मदिनी, मुलांकडून ६१७४ ची कृती करून घ्यावी आणि त्याच दिवशी महावीराचार्यांचे हारासारखे गुणाकार फळ्यावर लिहावेत. यासाठी निधी लागत नाही. एक खडू पुरेसा आहे.

परिग्रह न वाढविता ज्यांनी ज्ञानाची समृद्धी मिळविली आणि ती सर्वांना मुक्तहस्ते वाटली, त्या कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर गुरुजींच्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जय जिनेंद्र.